पेयादी क्रम आणि प्रथिने
स्थौल्यावरील शस्त्रकर्मानंतर रुग्णास प्रथम द्रव, मग मऊ आहार देतात. हे पाहून आपणां वैद्यांस संसर्जनक्रम आठवणे स्वाभाविक आहे. साम्य खरे, परंतु तो क्रम शोधनानंतर मंदावलेल्या अग्नीसाठी सांगितला आहे, कापून लहान केलेल्या आमाशयासाठी नव्हे. अशा रुग्णास दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. केवळ पेया व पातळ यूष यांवर ठेवल्यास ती मिळत नाहीत आणि मेदाबरोबर मांसक्षयही होतो. म्हणून मऊ आहाराच्या टप्प्यात जेवणातील पहिले घास दही, मऊ पनीर, अंडे वा घट्ट वरणाचे असावेत, भात नंतर. शल्यचिकित्सकाने दिलेली प्रथिनांची पावडर व जीवनसत्त्वे वैद्यांनी परस्पर बंद करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.