राजघराण्यांचा म्हणविला जाणारा रोग

हिमोफिलिया या आनुवंशिक रोगाची ओळख आम्हां विद्यार्थ्यांना होते ती बहुधा राजघराण्यांच्या कथेतून. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड १८८४ साली पडल्याचे निमित्त होऊन मरण पावला. रशियाच्या झारचा एकुलता पुत्र अलेक्सी याच व्याधीने पीडित होता. ही कथा आम्ही गुणांसाठी पाठ करतो, आणि रोग जणू राजवाड्यांतच राहून गेला असे समजतो. वस्तुतः सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एक, या प्रमाणात त्याचा मुख्य प्रकार जगात सर्वत्र आढळतो. वाडा आणि झोपडी हा भेद त्याला ठाऊक नाही.

या मुलांच्या रक्तात रक्त गोठविणारा एक घटक अपुरा असतो. टाचणी टोचताच ती रक्त वाहून मरतात, हा समज मात्र खोटा. खरा घात आतल्या आत होतो. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साचते, सांधा सुजतो, आणि वारंवार असे झाले म्हणजे तो कायमचा आखडतो. अशा वेळी तेल लावून गुडघा चोळणारी माया आणि ॲस्पिरिनची गोळी देणारे शहाणपण, दोन्ही सारखीच घातक! हवे असते ते त्या घटकाचे शिरेतून दिलेले इंजेक्शन, तेही विनाविलंब.

परंतु आम्हांला याहून अधिक सलतो तो मुलाच्या आईला लावला जाणारा बोल. सदोष एक्स गुणसूत्र मुलाला आईकडून मिळते, हे पुस्तकातील अर्धे वाक्य घरी पोहोचले की तिला पांढऱ्या पायाची ठरविण्यास पुरते. तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी कोणते मुलाच्या वाट्यास यावे, हे तिच्या हाती असते काय? शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुळात हा रोग पूर्वी कधी दिसलेलाच नसतो. या बोलाच्या भयाने घरे रोग लपवितात, शाळेलाही कळू देत नाहीत. आणि मैदानाच्या काठाशी बसणाऱ्या मुलाला आम्ही भित्रा म्हणून मोकळे होतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला आहे. १७ एप्रिल हा त्याचा जागतिक दिन. पण तेव्हा आम्ही परीक्षांत किंवा सुटीच्या विचारांत गढलेलो असतो. आमच्या मते ही माहिती जूनमध्येच, प्रवेशाच्या वेळी, वर्गशिक्षकांना व व्यायामशिक्षकांना मिळावी, आणि घरच्यांची संमती असल्यास वर्गमित्रांनाही. हुतूतूच्या पटांगणात या मुलाला उतरविता येणार नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने पोहण्याच्या तलावात मात्र तो आम्हांला मागेही टाकील.