कपाटातले प्रबंध आणि वॉर्डातले रुग्ण

शल्यचिकित्सेत एम. एस. होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एक प्रबंध लिहावा लागतो. तो अंतिम परीक्षेपूर्वी किमान सहा महिने सादर करावा आणि त्याच्या स्वीकृतीनंतरच विद्यार्थ्याने परीक्षेस बसावे, असा दंडक २००० सालच्या नियमावलीने घातला होता. भावी शल्यचिकित्सकाच्या ठायी शोधक वृत्ती निर्माण व्हावी हा त्यामागील हेतू. हेतूशी कोणाचे भांडण असणार? परंतु व्यवहारात या प्रबंधाचे असे काही विडंबन झाले आहे की, तो रद्दच करावा, हातात सुरी धरणाऱ्याला लेखणी कशाला, असा सूर खुद्द डॉक्टरांमधूनच निघतो. आमचे मत नेमके उलट आहे. प्रबंध राहिला पाहिजे. बदलली पाहिजे ती त्याची मालकी.

हा प्रबंध तयार कसा होतो ते आधी पाहावे. ज्या निवासी डॉक्टरला अद्याप धड टाका घालता येत नाही, त्याला प्रवेशानंतर थोड्याच महिन्यांत विषय ठरवून आराखडा द्यावा लागतो. विषय बहुधा मार्गदर्शक सुचवतात, आणि तो पूर्वीच्या तुकडीतील एखाद्या विषयाचा सख्खा भाऊ असतो. नैतिक समितीची संमती मिळाली की पन्नास-साठ रुग्ण गोळा करण्याची धावपळ सुरू होते. १९९२ च्या निवासी योजनेने आठवड्याला ४८ तासांचे काम सांगितले होते. सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरपुढे हा आकडा उच्चारून पाहावा, तो हसेल. तातडीच्या शस्त्रक्रिया, ड्रेसिंग, रक्ताच्या पिशव्यांसाठीची पायपीट यांतून उरलेल्या वेळात त्याने शोधक वृत्ती जोपासायची असते. शेवटी संख्याशास्त्रज्ञाची फी, टंकलेखन, सोनेरी अक्षरांची बांधणी हा सारा खर्च त्याच्याच खिशातून होतो.

आणि तरीही या सर्व प्रकरणात सर्वांत मोठे योगदान त्याचे नाही. ते आहे ज्याच्या देहावर हा प्रबंध लिहिला जातो त्या माणसाचे. आतडे फुटून मध्यरात्री आलेला हमाल, मधुमेहाने पाय काळवंडलेली शेतमजूर बाई, हर्नियाचे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढलेला गवंडी, ही मंडळी संमतिपत्रावर अंगठा उमटवतात. सधन रुग्ण खासगी इस्पितळात जातो. प्रबंधाच्या तक्त्यात त्याचा अनुक्रमांक क्वचितच सापडेल. गरिबाने मात्र आपली जखम, आपले रक्ताचे अहवाल आणि आपला वेळ या विद्येला देऊन टाकलेला असतो.

पुढे काय घडते? शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू झाला की नाही, याची नोंद सामान्यतः तीस दिवसांपर्यंत ठेवावी लागते. रुग्णाला तर पाचव्या-सहाव्या दिवशी घरी धाडलेले असते, कारण खाट दुसऱ्यासाठी हवी असते. गावाहून पुन्हा यायचे म्हणजे एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाचा खाडा आणि स्वतःची बुडालेली मजुरी. तो येत नाही. मग प्रबंधात त्याच्या नावापुढे ‘पाठपुराव्यातून गळाला’ असा शेरा पडतो. जणू तो आपल्या हौसेने गळाला! ज्याची जखम घरी चिघळली आणि ज्याने गावातल्या दवाखान्यात उसने पैसे भरून ती धुऊन घेतली, तोच नेमका हिशेबाबाहेर राहतो, आणि रुग्णालयाची टक्केवारी त्याच्या गैरहजेरीने सुंदर दिसू लागते.

अशा रीतीने सिद्ध झालेला ग्रंथ परीक्षकांच्या सह्या होताच विभागाच्या कपाटात जातो. एम. फिल. व पीएच. डी.चे प्रबंध सर्वांना वाचता यावेत यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये नियम केला आणि ‘शोधगंगा’ उभी राहिली; एम. एस.चा प्रबंध त्या नियमात बसत नव्हता. परिणामी पुढच्या तुकडीतला विद्यार्थी तीच जखम नव्याने मोजू लागतो.

पन्नास रुग्णांवरून काय सिद्ध होणार, असे प्राध्यापक महाशय म्हणतील. एकट्या पन्नासांवरून फारसे नाही, हे मान्य. पण २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. पोटाची शस्त्रक्रिया संपवून टाके घालण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलली तर जखम कमी चिघळते का, एवढाच साधा प्रश्न. भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालयांनी तो एकत्र येऊन तेरा हजारांहून अधिक रुग्णांवर तपासला. नेहमीच्या पद्धतीत जंतुसंसर्ग १८.९ टक्के, मोजे-उपकरणे बदलल्यावर १६ टक्के. या प्रयोगाला कोणतेही नवलाईचे यंत्र लागले नाही. लागली ती एकजूट आणि प्रामाणिक मोजणी. महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या शल्यविभागांनी दरवर्षी एकच प्रश्न ठरवून घेतला आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वॉर्डातला वाटा उचलला, तर पन्नासाचे हजार व्हायला कितीसा वेळ लागेल? पाठपुराव्यास येणाऱ्या रुग्णाचे भाडे व बुडालेली मजुरी सरकारने द्यावी, संख्याशास्त्रज्ञ महाविद्यालयाने पुरवावा, आणि रुग्णांची ओळख वगळून संपूर्ण प्रबंध, मराठी सारांशासह, सर्वांसाठी खुला व्हावा.

यावर जो खरा आक्षेप आहे तो कोणी उघड बोलत नाही. कोणत्या रुग्णालयात किती जखमा चिघळतात हे लोकांना कळेल, आणि संस्थेची बदनामी होईल! परंतु हे आकडे मुळात कोणाचे आहेत? प्रत्येक प्रबंधाच्या अखेरीस ‘मास्टर चार्ट’ या नावाने ते आजही जोडलेले असतात. अधिष्ठात्यांनी कपाट उघडून ते मागवून घ्यायचे म्हटले, तर त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.