५ हजारांचं गवत कटर १४,८०० ला कसं पडतं?

लग्नाच्या लॉन्सची कामं घेण्यावर व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, ब्रश कटर, लॉन मूव्हर लिलावातून घेतलं तर अर्ध्या किमतीत बसतं ना?" व्हिडिओत आकडेमोड दाखवायला जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिलावात जुनं मशीन जरूर घ्या, पण तुमच्याकडे एक चालू मशीन आधीपासून असेल तरच. धंद्याचं पहिलंच मशीन लिलावातून घेऊ नका. माझं दुकान आहे, मी नवी मशीनं विकतो, त्यामुळे हा असंच बोलणार असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. खालचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करून बघा, मग ठरवा.

काम आपल्याकडे आहे, त्यात वाद नाही. जळगाव काय, धुळे काय, बायपासला लागलं की मंगल कार्यालय आणि लॉन्सच्या पाट्या दिसतात. शाळा-कॉलेजांची मैदानं आहेत, ले-आउटमधले रिकामे प्लॉट आहेत. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. अशा ठिकाणी गवत वाढलं की पॅनलवर सावली पडते, आणि पावसाळा संपून ते वाळलं की आगीची धास्ती. म्हणजे गवत काढणं हा तिथे शोभेचा नाही, विजेचा विषय आहे.

लिलावही आपल्याकडे कमी नाहीत. भुसावळला रेल्वेचा विभाग, दीपनगरचं वीज केंद्र, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी. सरकारी कंपन्यांचा निकामी माल बराचसा एमएसटीसीच्या पोर्टलवर ई-लिलावात निघतो, रेल्वेचा आयआरईपीएसवर. बँकांनी कर्ज थकलं म्हणून ताब्यात घेतलेला माल असेल तर बँकनेट आहे. घरबसल्या मोबाईलवर बोली लावता येते, हीच त्यातली गोडी आणि हाच धोका.

कारण अटी कोणी वाचत नाही. "जसे आहे, जिथे आहे" याचा अर्थ सरळ आहे: माल उचलल्यावर तक्रार नाही. मशीन सुरू नाही झालं, आत पिस्टनच नाही निघाला, तरी तो तुमचा. दुसरं, माल लॉटने विकतात. त्यातलं चांगलं तेवढं घेतो, बाकीचं राहू द्या, असं चालत नाही. तिसरं, बोलीवर जीएसटी वेगळा, आणि भंगार म्हणून विक्री असेल तर टीसीएसही लागतो. चौथं, ठरलेल्या तारखेच्या आत माल उचलला नाही तर जागेचं भाडं चढत जातं, आणि पैसे वेळेत भरले नाहीत तर अनामत जाते.

आता हिशोब. समजा ६ ब्रश कटरचा लॉट आहे आणि तुमची बोली ३०,००० ला लागली. एक मशीन ५,००० ला. दुकानात तेच कोरं १४,००० ला धरा. मित्रांना पेढे वाटायची वेळ! पण थांबा. १८ टक्के जीएसटी ५,४००. हमाली आणि टेम्पो ३,०००. झाले ३८,४००. सहापैकी तीन दुरुस्त होऊन चालतात, दोन पार्टसाठी, एक भंगारात, असं धरू. बंद पडून धूळ खात असलेल्या मालात हे काही फार वाईट गणित नाही. तीन मशीनांच्या दुरुस्तीला २,००० प्रमाणे ६,०००. एकूण ४४,४००. भागिले तीन: १४,८००. कोऱ्यापेक्षा ८०० जास्त, आणि वॉरंटी शून्य. पार्टचे चार पैसे सुटतील, पण तुमचे आठ-दहा दिवस त्यात घातलेच नाहीत अजून.

म्हणून उलटं चाला. चालू जुन्या मशीनला तुम्ही ७,००० द्याल ना? तीन मशीनांचे २१,०००. त्यातून दुरुस्तीचे ६,००० आणि टेम्पोचे ३,००० काढा. उरले १२,०००, जीएसटी धरून. १.१८ ने भागा, १०,१६९ येतात. तुमची बोली १०,००० ला संपते. जीएसटी नंबर असेल, कंपोझिशनमध्ये नसाल आणि बिल नीट मिळत असेल तर कराची वजावट मिळते, मग १२,००० पर्यंत जा. हा आकडा कागदावर लिहा आणि बोलीच्या वेळी कागद समोर ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत अंगात येतं, हे मी भल्याभल्यांचं पाहिलंय.

याला नावही आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी लिहिलं की समुद्रातल्या तेलाच्या जागांच्या लिलावात जो जिंकतो तो बहुतेक वेळा जास्त पैसे मोजून बसतो. सगळ्यांनी अंदाज बांधलेला असतो. ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला, तोच जिंकतो. विजेत्याचा शाप म्हणतात याला. लिलावाच्याच अभ्यासासाठी पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. भुसावळच्या यार्डातल्या सहा कटरांना हाच नियम लागू आहे.

पाहणीची तारीख दिलेली असते. त्या दिवशी जाच, आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी हा तुमचा सगळ्यात स्वस्त खर्च. मशीन चालू करून बघायला मिळेलच असं नाही, पण दोरी हळू ओढता येते. हाताला अडून अडून जोर लागला पाहिजे. दोरी सुतासारखी निघून आली तर कॉम्प्रेशन गेलंय. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं; नुसत्या पेट्रोलवर चालवलेल्या मशीनचा पिस्टन ओरखडलेला असतो, आणि रोजंदारीवर माणसं बदलत राहिली की हे हमखास होतं. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइलची कांडी काढून बघा, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. वर्षभर टाकीत पेट्रोल राहिलेलं असेल तर कार्बोरेटर चिकटला असं धरूनच चाला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि जुन्या मशीनच्या रबरी नळ्या, डायफ्राम खराब करतं. रीलवालं मूव्हर असेल तर रील हाताने फिरवून कागद कापून बघा. आणि इंजिनवरचा नंबर लॉटच्या यादीशी जुळवून फोटो काढा. या मशीनांना आरसी बुक नसतं, त्यामुळे बिल आणि डिलिव्हरी ऑर्डर हीच तुमची मालकी.

वेळ उन्हाळ्याची साधा. एप्रिल-मे मध्ये ४४-४५ अंशात गवताचा विचार कोणी करत नाही, त्यामुळे बोली कमी लागते आणि जूनपर्यंत दुरुस्तीला वेळ मिळतो. जुलैमध्ये सगळेच जागे होतात.

तरीही पहिलं मशीन नको, असं मी का म्हणतो? लॉन्सवाल्याकडे उद्या संध्याकाळी लग्न आहे आणि तुमचं कटर आज सकाळी बसलं, तर तो पुढच्या वेळी फोन करत नाही. नवा मुलगा बचत गटातून किंवा आईची पोत गहाण ठेवून ३०-४० हजार उभे करतो. ते पैसे यार्डातल्या सहा बंद मशीनांत अडकले, तर कामाला जायला हातात एकही मशीन नसतं, हप्ता मात्र सुरू असतो. एक चालू मशीन हातात असलं की लिलावातला लॉट सावकाश दुरुस्त करता येतो, दोन बिघडले तरी धंदा थांबत नाही. अशा माणसाने लिलाव जरूर बघावेत. त्यातही आपल्या मशीनच्या मॉडेलचाच लॉट शोधावा, म्हणजे बंद मशीनसुद्धा पार्टचं कपाट होतं.

आणि घरात सातबारा असेल तर आधी महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणाची यादी उघडा. पॉवर वीडर, पॉवर टिलरसारख्या यंत्रांना पात्रतेप्रमाणे ४० ते ५० टक्के अनुदान आहे, ठरलेल्या मर्यादेत. तुमच्या कामाला त्यातलं यंत्र चालत असेल, तर लिलावातल्या जुन्याची तुलना कोऱ्याच्या किमतीशी नाही, अनुदान वजा जाता उरलेल्या किमतीशी करा. पूर्वसंमती मिळायच्या आत मात्र खरेदी करू नका.

पुढच्या व्हिडिओत चिकटलेला कार्बोरेटर उघडून दाखवतो.