विश्लेषण : ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’, पण का? बीजगणितातला पाठ केलेला नियम कुठे अडतो?

सहावी-सातवीत समीकरणे सुरू झाली की वर्गावर्गांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पलीकडे गेले की चिन्ह बदलते.’ अधिकचे उणे, उण्याचे अधिक. या एका वाक्याच्या बळावर अनेक मुले दहावीपर्यंतची समीकरणे सोडवतात आणि गुणही मिळवतात. पुढे अकरावी-बारावीत गाठ पडते ती असमानतांशी, म्हणजे ‘बरोबर’ऐवजी ‘पेक्षा लहान’ किंवा ‘पेक्षा मोठे’ असलेल्या विधानांशी. तिथे त्याच मुलांची उत्तरे नेमकी उलटी येऊ लागतात. याचे खापर मुलांच्या बुद्धीवर फोडणे सोपे आहे. पण नियम पाठ करून घेतला आणि त्यामागचे कारण सांगायचे राहून गेले, ही त्यातली खरी अडचण आहे.

समीकरण म्हणजे नेमके काय?

समजा तीन वह्या आणि २० रुपयांचे एक पेन घेतले आणि बिल १४० रुपये झाले. एका वहीची किंमत क्ष मानली तर ३क्ष + २० = १४०. डावीकडे जितकी रक्कम आहे तितकीच उजवीकडे आहे, एवढेच हे विधान सांगते. वाण्याच्या तराजूची दोन्ही पारडी एका रेषेत आहेत. एका पारड्यातून २० काढले तर दुसऱ्यातूनही २० काढावे लागतील, तरच तराजू सरळ राहील. म्हणून ३क्ष = १२०. आता दोन्ही बाजूंना ३ ने भागले की क्ष = ४०.

इथे २० ‘पलीकडे’ गेलेच नाहीत. ते दोन्ही बाजूंनी वजा झाले. डावीकडे २० नाहीसे झाले आणि उजवीकडे ‘उणे २०’ दिसू लागले, म्हणून बघणाऱ्याला ते उडी मारून गेल्यासारखे वाटतात. ‘चिन्ह बदलते’ हा नियम म्हणजे या दोन पायऱ्यांचा संक्षेप आहे.

संक्षेपच आधी शिकवला की काय होते, ते पुढच्याच पायरीवर दिसते. ३क्ष = १२० मधला ३ पलीकडे नेताना काही मुले क्ष = १२० – ३ लिहितात, तर काही ३ चे उणे ३ करून क्ष = –४० असे उत्तर काढतात. पाठ केलेल्या वाक्याच्या हिशेबाने त्यांनी काहीच चुकीचे केलेले नसते. बाजू बदलली, चिन्ह बदलले!

‘बरोबर’च्या चिन्हाचा मुले काय अर्थ लावतात?

गोंधळाचे मूळ आणखी आधी, प्राथमिक शाळेत सापडते. पहिलीपासून मुलांसमोर ५ + ३ = असे लिहिले जाते आणि पुढे उत्तर अपेक्षित असते. त्यामुळे ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी खूणगाठ मनात पक्की होते. वहीत ५ + ३ = ८ × २ = १६ अशी साखळी दिसते ती यामुळेच. यातली ५ + ३ = १६ ही गोष्ट कुणालाच खटकत नाही.

अमेरिकेत थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना ८ + ४ = □ + ५ ही चौकट भरायला दिली होती. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ हे बरोबर उत्तर दिले नाही. सगळ्यांची उत्तरे १२ किंवा १७ होती. बेरीज सर्वांना येत होती. चिन्हाचा अर्थ कुणाला लागला नव्हता.

खुद्द या चिन्हाचा जन्म मात्र समतेच्या कल्पनेतूनच झाला. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ च्या आपल्या पुस्तकात दोन समांतर रेघा वापरल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्याही चारशे वर्षे आधी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात संख्येला ‘यावत्-तावत्’ म्हणजे ‘जितके तितके’ असे नाव मानून दोन्ही पक्ष समान करायला सांगितले आहे. दोन्हींत सारखेच मिळवा, दोन्हींतून सारखेच वजा करा, दोन्हींना सारख्याच संख्येने गुणा किंवा भागा, ही त्यांची रीत आहे. आज तराजूचे चित्र काढून शिकवली जाते ती कल्पना हीच.

असमानतेपाशी नियम का अडतो?

वहीचेच उदाहरण थोडे बदलू. खिशात १४० रुपये आहेत, पेन २० रुपयांचेच घ्यायचे आहे. तीन वह्या किती किमतीपर्यंतच्या घेता येतील? आता ३क्ष + २० ≤ १४०, म्हणून क्ष ≤ ४०. उत्तर एक संख्या नाही, ४० आणि त्याखालच्या सगळ्या किमती आहेत. इथवर समीकरणाच्या रीतीनेच काम भागते. तराजू एका बाजूला झुकलेला असला तरी दोन्ही पारड्यांतून सारखे वजन काढल्याने त्याचा कल बदलत नाही.

घोटाळा होतो तो उणे संख्येपाशी. ३ हा ५ पेक्षा लहान आहे, पण –३ हा –५ पेक्षा मोठा. पाच हजारांचे कर्ज असलेल्यापेक्षा तीन हजारांचे कर्ज असलेला बरा, हे व्यवहारात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उणे संख्येने गुणले की संख्यारेषा आरशात पाहिल्यासारखी उलटते, डावीकडचे उजवीकडे जाते. म्हणून ३ < ५ ला –१ ने गुणले की –३ > –५ होते. समीकरणात हा प्रश्न येत नाही, कारण समान संख्या आरशातही समानच राहतात.

वर्गात मात्र याचा दुसरा पाठ तयार होतो : ‘उणे संख्येने भागले की चिन्ह उलटते.’ इथे मराठीत शिकणाऱ्यांची आणखी पंचाईत होते. पहिल्या नियमातले ‘चिन्ह’ म्हणजे अधिक-उणे, दुसऱ्यातले ‘चिन्ह’ म्हणजे लहान-मोठ्याची खूण. शब्द एकच. मग ५ – क्ष < २ सोडवताना ५ पलीकडे नेला म्हणून काही मुले < चे > करून टाकतात. काही जण –क्ष < –३ पर्यंत बरोबर येतात आणि शेवटी उणे काढताना खूण उलटायला विसरतात. दोघांच्याही वहीत उत्तर क्ष < ३ येते. क्ष = १ घालून पाहिले तर ५ – १ म्हणजे ४, आणि ४ हे २ पेक्षा लहान नाही. उत्तर चुकल्याचे अर्ध्या मिनिटात कळते.

गंमत म्हणजे हा दुसरा नियम वेगळा पाठ करण्याची गरजच नाही. ५ – क्ष < २ च्या दोन्ही बाजूंत क्ष मिळवला तर ५ < २ + क्ष. दोन्ही बाजूंतून २ वजा केले तर ३ < क्ष. म्हणजेच क्ष हा ३ पेक्षा मोठा. खूण उलटावी लागली नाही, उणेही शिल्लक राहिले नाही. समीकरणाची रीत कारणासह समजलेल्या मुलाला असमानतेचा नियम स्वतःच शोधून काढता येतो.

भाषेचा अडथळा किती?

बराच. ‘कमीत कमी २०’ या शब्दांत ‘कमी’ दोनदा येते, पण गणितात लिहायचे असते क्ष ≥ २०. ‘जास्तीत जास्त ५०’ म्हणजे क्ष ≤ ५०. शब्द ऐकून खूण लिहिणारा इथे हमखास फसतो. ‘राम श्यामपेक्षा ५ वर्षांनी लहान’ हे वाक्यही अनेक जण रामच्या वयातून ५ वजा करून लिहितात.

हा दोष केवळ शाळकरी मुलांचा नाही. जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ अशा अर्थाचे वाक्य समीकरणात मांडायला सांगितले होते. विद्यार्थी व आणि प्राध्यापक प मानले तर व = ६प. पण इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे ३७ टक्के विद्यार्थी चुकले. बहुतेक चुका ६व = प अशा उलट्या मांडणीच्या होत्या.

व्यवहारात असमानता कुठे लागते?

समीकरणापेक्षा जास्त ठिकाणी. मतदानाचे वय, वीजबिलातले युनिटचे टप्पे, प्राप्तिकराचे टप्पे, उत्तीर्ण होण्याची ३५ टक्क्यांची अट, या सगळ्या असमानताच आहेत. परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी हवी आणि एखादी विद्यार्थिनी ६० पैकी ४० तासांना हजर आहे, असे समजा. आता एकही तास न बुडवता तिने किती तासांना बसले पाहिजे? (४० + क्ष) ला (६० + क्ष) ने भागल्यावर उत्तर किमान ३/४ यायला हवे. म्हणजे १६० + ४क्ष ≥ १८० + ३क्ष, म्हणून क्ष ≥ २०. किमान वीस तास.

तरीही राज्य मंडळाच्या सध्याच्या पाठ्यपुस्तकांत आठवीत एकचल समीकरणे, नववी-दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि दहावीत वर्गसमीकरणे असा क्रम आहे. असमानता सोडवण्याचा स्वतंत्र धडा नाही. नववीच्या भूमितीत त्रिकोणाच्या निमित्ताने ती डोकावते. एनसीईआरटीच्या पुस्तकांतही तिचा धडा अकरावीत येतो. बारावीचे लिनिअर प्रोग्रॅमिंग तर पूर्णपणे असमानतांवर उभे आहे.

मग नियम शिकवायचाच नाही का?

शिकवायला हवा. सराव झालेला माणूस प्रत्येक पायरी लिहीत बसत नाही आणि तशी अपेक्षाही चुकीची ठरेल. शिक्षकांची बाजूही खरी आहे. भरलेले वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम आणि दहावीला बीजगणिताची ४० गुणांची लेखी परीक्षा. त्यात अनेकांचा अंकगणिताचा पाया कच्चा. ‘असर २०२३’च्या सर्वेक्षणात १४ ते १८ वयोगटातील ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. अशा वर्गाला झटपट नियम देण्याचा मोह समजण्यासारखा आहे.

पण हा सौदा पुढे महागात पडतो. क्ष² = ५क्ष हे समीकरण दोन्ही बाजूंचा क्ष ‘काटून’ सोडवले की ५ हे उत्तर मिळते आणि ० हे उत्तर हरवते. शून्याने भागता येत नाही, मग क्ष शून्य असेल तर त्याने भागायचे कसे, हा प्रश्न ‘काटण्या’च्या सवयीत कुणाला पडतच नाही.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. पहिले काही आठवडे ‘पलीकडे नेणे’ हे शब्द टाळून प्रत्येक पायरीला ‘दोन्ही बाजूंत काय केले’ ते मुलांकडून लिहून घेता येईल. समीकरणाच्या धड्यातच ‘=’च्या जागी ‘<’ घालून तेच उदाहरण पुन्हा सोडवून घेता येईल. आणि जुन्या शिक्षकांचा आग्रह असलेला ताळा परत आणता येईल. काढलेले उत्तर मूळ विधानात घालून पाहणारा विद्यार्थी आपली चूक स्वतः पकडतो, त्यासाठी त्याला मार्गदर्शक पुस्तक लागत नाही.

मात्र ताळ्याला गुण नसतील तर तो कुणी करणार नाही, हेही तितकेच खरे. शाळांच्या घटक चाचण्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही. पाचपैकी एका उदाहरणात ‘सोडवा’ऐवजी ‘दिलेले उत्तर बरोबर आहे की चूक, ते कारणासह दाखवा’ असे विचारले, तरी वर्गातली शिकवण बदलू लागेल. परीक्षेत जे विचारले जाते तेच फळ्यावर येते, हे शिक्षकांना, पालकांना आणि मुलांनाही चांगले ठाऊक आहे.