थोरला येईलच मागून

सहकुटुंब प्रवासाला निघालेला बाप दिवसभर एकच काम करीत असतो, ते म्हणजे मोजदाद. गाडीत चढताना सहा, चहाला उतरताना सहा, देवळाबाहेर चपला काढताना सहा. पेढीवर रोकड आणि रोजमेळ जुळल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याला ही सवय निराळी शिकवावी लागत नाही. तरीही व्हायचे ते होतेच. उकळलेल्या पाण्याची बरणी घरीच राहते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्यासाठी काटेकोर आखलेले वेळापत्रक एका पंक्चरपायी कोलमडते. आणि गर्दीतून बाहेर पडल्यावर कोणीतरी विचारते, "मुलगा तुमच्याबरोबर होता ना?" त्यावर उत्तर येते, "मला वाटले, तुझ्याबरोबर आहे." घराघरांतून वर्षानुवर्षे सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या गमतीजमती या दोन वाक्यांतून जन्मतात. मात्र मूल सापडेपर्यंत त्यात गंमत नसते.

त्र्यंबकेश्वरच्या परिसरात अशा चुकामुकीची एक कथा सातशेहून अधिक वर्षे सांगितली जात आहे. ती संतकथा म्हणून सर्वांच्या परिचयाची आहे, पण एका बापाच्या फसलेल्या प्रवासाची कथा म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

विठ्ठलपंत कुलकर्णी हे आपेगावचे, त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई आळंदीच्या. घर सोडून जाणे विठ्ठलपंतांना नवीन नव्हते. विवाहानंतर ते काशीला गेले आणि आपल्याला कोणताही पाश नाही असे गुरूंना सांगून त्यांनी संन्यास घेतला, असे परंपरा सांगते. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर देणे दडवून केलेला तो करार होता. खरी हकिगत कळताच गुरूंनी त्यांना संसारात परत धाडले. पुढे चार मुले झाली. प्रचलित कालगणनेनुसार निवृत्ती १२७३, ज्ञानदेव १२७५, सोपान १२७७ आणि मुक्ता १२७९. संन्याशाची मुले म्हणून गावाने या घराला वाळीत टाकले. मुंजी होईनात. दार उघडे ठेवील असे गाव उरले नाही, तेव्हा हे कुटुंब त्र्यंबकला आले. कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करायची, असे अनुष्ठान विठ्ठलपंतांनी आरंभिले.

ही प्रदक्षिणा म्हणजे सोपी वाट नव्हे. आजही श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो लोक ती करतात. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. चिखल, ओढे, धुके आणि पायांखाली सतत निसटणारे दगड. लहान मुलांना घेऊन निघालेल्या माणसाचा पहिल्या तासाचा उत्साह तिसऱ्या तासाला कुठे असतो, हे वेगळे सांगायला नको. आता तेथे टॉर्च आहेत, वाटेवर चहा मिळतो आणि शेजारी माणसांची रीघ असते. विठ्ठलपंतांच्या वाटेवर जंगल होते. त्या जंगलातून एका रात्री वाघ आला.

कथा एवढेच सांगते की, सगळे जीव मुठीत घेऊन धावले आणि पुढे जाऊन पाहतात तो निवृत्ती नाही. पण त्या एका क्षणात काय घडले असेल, याचा हिशेब कोणत्याही आईबापांना करता येईल. मुले चार, हात चार. त्या वेळी निवृत्ती दहाच्या आसपासचा धरला, तर मुक्ता चारएक वर्षांची. धाकटी कडेवर जाणार, सोपानाला उचलले जाणार, ज्ञानदेवाचे मनगट कोणीतरी घट्ट धरणार. थोरल्याला कोणी धरत नाही. तो नकोसा असतो म्हणून नव्हे. तो धावू शकतो, त्याला समजते, तो मागून येईलच, अशी खात्री असते म्हणून. घरात सर्वांत विश्वासाचा जो, तोच अशा वेळी मागे राहतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणाही थोरल्या मुलाला हे सांगावे लागणार नाही. दुकानाची किल्ली त्याच्या हाती लवकर येते आणि आपला हात कोणी धरावा, हे त्याचे वयही तितक्याच लवकर संपते.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. भेदरलेला निवृत्ती एका गुहेत शिरला. तेथे गहिनीनाथ होते, त्यांनी त्याला उपदेश दिला आणि सात दिवसांनी तो परत आला. ही गुहा कोठली, याविषयी एकमत नाही. कोणी ब्रह्मगिरीची म्हणतात, कोणी अंजनेरीची. अंजनेरी मानली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. नाशिकहून त्र्यंबकला जाताना लागणाऱ्या या डोंगराच्या पायथ्याशी जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत. त्यांपैकी एका शिलालेखात शके १०६३ मध्ये, म्हणजे इ. स. ११४१-४२ च्या सुमारास, आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरासाठी दुकानाचे दान दिल्याची नोंद आहे. यादवांचा काळ होता तो. म्हणजे निवृत्ती हरवण्याच्या सुमारे एकशेचाळीस वर्षे आधी या रानाच्या कडेला बाजार होता, हिशेब ठेवणारी माणसे होती आणि उत्पन्नातला वाटा देवळाला लावून देणारे व्यापारी होते. गजपंथाचे दर्शन घेऊन पुढे त्र्यंबककडे जाणारी कुटुंबे बहुधा अंजनेरीला न थांबताच जातात. वाटेत थांबलो तर जेवणाला उशीर होईल, ही धास्ती त्यांना असते.

त्या सात दिवसांत गुहेत काय घडले, हे संतपरंपरेने जपून ठेवले आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि मग निवृत्ती ही मालिका वारकऱ्यांच्या ओठांवर असते. निवृत्तीने ज्ञानदेवाला उपदेश केला आणि १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. इतके मोठे संचित एका चुकामुकीतून हाती आले, म्हणून ती चुकामूक दैवी ठरली. पण गुहेबाहेरच्या सात दिवसांविषयी कथा गप्प आहे. विठ्ठलपंत दिवस उजाडल्यावर त्या वाटेने किती वेळा परत गेले असतील? चिखलात पावले शोधली असतील, की नको ते दिसेल म्हणून खाली पाहणेच टाळले असेल? रुक्मिणीबाई त्यांना काय बोलल्या असतील? एकदा संसार टाकून गेलेला हा माणूस. तिने मनात आणले असते, तर एका वाक्यात तो सारा जुना हिशेब बाहेर काढता आला असता. तो निघाला की नाही, कोणालाच माहीत नाही. अशा प्रसंगी नवराबायको एकमेकांना जे बोलतात, ते मूल सापडल्यावर दोघेही विसरल्यासारखे करतात. घर चालते ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

मुलगा परत आल्यावर बापाने त्याला कुशीत घेतले असेल की रागावून एक चापट मारली असेल, हाही प्रश्न आहेच. आजचे बाप बहुधा दोन्ही करतात, आणि चापट आधी.

या कुटुंबाचे पुढचे प्रवास याहून खडतर झाले. प्रायश्चित्त म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहत्याग केला, असे परंपरा सांगते. त्यानंतर मोजदादीचे काम थोरल्याकडे आले. ज्याचा हात त्या रात्री कोणी धरला नव्हता, त्याने तिघांचे हात धरले. पैठणला तोच पुढे, नेवाशालाही तोच. आणि शेवटी ती मोजणी उलटी सुरू झाली. १२९६ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. महिन्याभरात सासवडला सोपान गेले. पुढच्या वैशाखात मुक्ताबाई. चौघांत वयाने मोठा असलेला एकटा उरला.

निवृत्तीनाथ त्यानंतर त्र्यंबकला आले. १२९७ च्या ज्येष्ठात त्यांनी येथेच समाधी घेतली. जेथे वाघाच्या भयाने घरच्यांची साथ सुटली होती, त्याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्यांचे समाधिमंदिर आहे. पौष वद्य एकादशीला तेथे यात्रा भरते. दिंड्या दूरदूरहून थंडीत चालत येतात, आणि त्यांतही कोणी ना कोणी बाप कडेवरच्या लेकीला सावरत, मान वळवून मागे पाहत थोरल्याला हाक मारीत असतो.