वाट कोणाची?

वाचकहो, फराळाचे ताट समोर असताना कोणी भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. तरीही मी आज भांडायलाच बसलो आहे. आणि भांडण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी. ज्यांच्याशी भांडायचे आहे, त्यांच्यात मीही एक होतो.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. महाबळेश्वरच्या उतरणीच्या रानात सायकलवरून हिंडण्याची एक दिवसाची सहल निघाली होती. पुतण्याने हौसेने माझेही पैसे भरले. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पोरांना चित्रकला शिकवावी आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्या, एवढेच माझे शौर्य! पण रानाचे नाव काढले की मला राहवत नाही. गेलो.

ही सायकल म्हणजे आपण शाळेत नेत होतो ती नव्हे. चाके जाड, टायरांना ट्रॅक्टरसारखे दात, पुढच्या काट्यात धक्के गिळणारी स्प्रिंग, आणि ब्रेक असा की एका बोटाने दाबला तरी चाक जागच्या जागी उभे राहावे. म्होरक्याने आम्हां चौदा जणांना पाऊण तास धडे दिले. उतारावर सीटवरून उठून अंग मागे न्यावे. दोन्ही पेडल एका पातळीत धरावेत. नजर चाकापुढच्या दगडावर नको, वळणापलीकडे हवी. मागचा ब्रेक करकचून दाबून चाक फरफटत नेऊ नये. फरफटलेले चाक वाटेची माती नांगरते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच चरीतून पाणी धावते. सगळे धडे उत्तम होते. एकच राहून गेला होता.

सकाळ फार सुंदर गेली, हे मी नाकारणार नाही. डोक्यावर जांभूळ, अंजनी आणि हिरड्याची दाट सावली. एका फांदीवर शेकरू शेपूट सोडून बसलेले. पुढे म्होरक्या आणि सर्वांच्या मागे त्याच रानातल्या वाडीवरचा एक तरुण वाटाड्या. धूर नाही, भोंगा नाही. दुपारी पिठले-भाकरी झाली आणि उतार लागला. म्होरक्याने मोकळीक दिली. चाके सुटली, आणि मास्तरचे वय एका मिनिटात तीस वर्षांनी उतरले!

एका वळणावर समोरून एक बाई चढून येत होती. डोक्यावर लाकडांची मोळी. वाट हातभर रुंद. माझ्या पुढचे दोघे "साइड! साइड!" ओरडत गेले, आणि त्यांच्या मागून मीही तसाच ओरडलो. बाई घाईने कारवीत शिरली, तोल गेला, मोळी खाली आली. मी कसाबसा थांबलो. तिने पदर सावरला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मास्तर, तुमी व्हय?"

तिची मुलगी माझ्या वर्गात होती.

मागून वाटाड्या आला. काही न बोलता त्याने सायकल बाजूला आडवी केली, "काकू, थांबा जरा," म्हणाला, चुंबळ झटकून तिच्या डोक्यावर बसवली आणि मोळी उचलून दिली. जो धडा म्होरक्याने पाऊण तासात दिला नाही, तो त्याने अर्ध्या मिनिटात दिला. मी मात्र पुतळ्यासारखा हँडल धरून उभा!

आता भांडणाकडे येतो. शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत सांगितली, तेव्हा तीन पक्ष उभे राहिले.

पहिला पक्ष म्हणाला, "त्यांनी पैसे मोजले आहेत." मोजले ना! ते सायकलच्या भाड्याचे, म्होरक्याच्या मेहनतीचे, भाकरीचे. वाटेचे पैसे कोणी कोणाला दिले? ती वाट गुरांच्या खुरांनी, धनगरांच्या वहाणांनी आणि मोळीवाल्या बायांच्या अनवाणी पायांनी पडली आहे. जाहिरातीत तिला 'अस्पर्श रानवाट' म्हणतात. अहो, स्पर्श झाला नसता तर वाट झाली असती का? या सहलींमुळे वाडीतल्या पोरांच्या हाती चार पैसे पडतात, हेही मला मान्य आहे. पण पोराला मजुरी दिली म्हणून त्याच्या आईला कारवीत ढकलण्याचा परवाना मिळत नाही.

दुसरा पक्ष धर्मशास्त्राचा. आमचे एक पंडित सहकारी मिस्कीलपणे म्हणाले, "मनूने वाट देण्याच्या यादीत चाकावरच्या माणसाला पहिला मान दिला आहे!" दिला आहे खरा. पण तो रथात किंवा गाड्यात बसलेला माणूस. बैल जुंपलेला गाडा चाकोरीबाहेर काढणे कठीण. सायकल तर एका हाताने उचलून बाजूला ठेवता येते. आणि त्याच यादीत ओझेवाला आणि स्त्रीही आहेत, हे पंडितजी विसरले. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची आणि राजाची वाटेत गाठ पडते, तिथेही वाटेचा मान सांगताना आंधळा, बहिरा, स्त्री आणि भारवाहक यांची नावे राजाच्या आधी येतात. यादीत शेवटचा मान ब्राह्मणाला दिला आहे. तो आपण आज खुशाल सोडून देऊ. पण ओझेवाल्याचा मान सोडायला मी तयार नाही.

तिसरा पक्ष सगळ्यांत सोपा: "सायकलींना रानात बंदीच घाला!" याच्याशीही माझे भांडण आहे. बंदी घातली की वाटाड्याची मजुरीही जाईल, आणि जी शहरी मुले आज निदान शेकरू पाहतात, ती उद्या पडद्यावरच रान पाहतील. इंग्लंडात १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकलीला मुभा मिळाली. पण त्याबरोबर अटही आली, की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला सायकलस्वाराने वाट द्यावी. मुभा आणि मर्यादा एकाच कलमात! या खेळाचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर झाला. तिथे एका उतारावर १९७६ पासून शर्यती लागत, आणि जुन्या सायकलींच्या मागच्या चाकातले वंगण ब्रेकच्या तापाने जळून जाई. असल्या बेफाम वेगाच्या पोटी जन्मलेल्या खेळातही पुढे हाच रिवाज पडला, की चाकाने पायाला आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी. आपल्याला तर हे परक्यांकडून शिकायचीही गरज नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे, हे आमच्या एस.टी.च्या ड्रायव्हरला पाठ असते. आम्ही चौदा शिकलेली माणसे तेवढे विसरलो.

माझे मागणे थोडके आहे. अशा सहली काढणाऱ्यांनी डोक्यावर शिरस्त्राण चढवण्यापूर्वी आधी एवढे सांगावे: समोर माणूस दिसला की वेग मोडा, ओझे दिसले की उतरा, पाय जमिनीवर टेका, सायकल बाजूला घ्या आणि नमस्कार करा. वाट भिजलेली असेल त्या दिवशी तिच्यावर चाक घालू नका. आणि वाटाड्याला शेपटाला न ठेवता पुढे ठेवा. रान त्याला ठाऊक आहे, आणि रानातली माणसेही.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती मुलगी पहिल्या बाकावर बसली होती. फळ्यावर मी डोंगराची वाट काढत होतो. तिने विचारले, "सर, वाटेवर माणूस काढू का?" मी म्हणालो, "काढ. आणि आधी तोच काढ."

नंतर एका रविवारी मी तिच्या घरी गेलो आणि तिच्या आईची माफी मागितली. बाई हसली, गुळाचा चहा दिला. म्हणाली, "एवढं काय त्यात!"

त्यात बरेच काही आहे, वाचकहो. सुट्टीत तुमची मुले रानात जातीलच, जाऊ द्या. निघताना डब्यात चकली-करंजी द्याल, तशी एवढी एक गोष्टही बांधून द्या.