लाल ढालवाल्यांची कैफियत

‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा मोबाइलवरचा खेळ २०१२ साली निघाला. त्यात माणसे टोळ्या करून लढतात. एका टोळीत ५० जण मावतात. आम्हा उरणकरांचीही अशी एक टोळी आहे आणि तिचा म्होरक्या सध्या शिस्तीने पेटला आहे. त्याचे फर्मान सुटले आहे की, युद्धात ज्याने आपले दोन हल्ले केले नाहीत, तो बाहेर!

अहो, युद्धाला २४ तास मिळतात हे कबूल. पण ते आमचे कुठे असतात? न्हावा-शेव्याला रात्रपाळी करणाऱ्याने काय कंटेनरवर चढून किल्ले पाडायचे? आमच्यातल्या एकाचा सगळा पराक्रम समुद्राच्या ओहोटीवर अवलंबून आहे. मोऱ्याची लाँच खोळंबली, की हा शूर! शेजारच्या वहिनी पहिल्या शिटीला हल्ला चढवतात. हल्ला तीन मिनिटांचा, पण तिसरी शिटी झाली की किल्ला पडो न पडो, गॅस बंद करावाच लागतो.

म्होरक्याची चीड अगदीच खोटी नाही. ‘येतो’ म्हणून नाव द्यायचे आणि ऐनवेळी घोरत पडायचे, हा विश्वासघातच. पण त्यावर इलाज खेळातच आहे. प्रत्येकाच्या नावापुढे ढाल असते. हिरवी म्हणजे तयार. लाल म्हणजे ‘या खेपेला माफ करा’. युद्धही पन्नासांचेच लागते असे नाही, पाच-दहा जणांचेही लावता येते. मग हिरव्यांना घेऊन लढा की खुशाल! लाल ढालवाला कुणाचे काय खातो? उलट येता-जाता दुसऱ्याच्या किल्ल्यात चार सैनिक टाकून जातो.

भजनी मंडळात पखवाजवाला एकच असतो. बाकीचे टाळ कुटतात, दोघे-तिघे तर निव्वळ चहासाठी येतात, आणि गणपतीतली रात्र जागते ती या सगळ्यांच्या जिवावर. उद्या बुवांनी बेताल्यांना हाकलायचे ठरवले, तर आरतीला ताट धरायला माणूस मिळायचा नाही.

गेल्या महिन्यात सात जणांना नारळ मिळाला. उरलेले कट्टर वीर आता पहिला हल्ला कोणाचा, यावरून आपसांतच तलवारी परजताहेत. त्या सात जणांनी वेगळी टोळी काढली आहे. म्होरक्या वहिनीच आहेत. युद्ध पाच जणांचे असते आणि ते कुकर उतरल्यावर सुरू होते.